नक्षीचा कागद आणि हातचें शुभेच्छापत्र

हातानें केलेलें शुभेच्छापत्र कशास म्हणावें, ह्याविषयीं आपल्या शाळेंत दरवर्षीं नाताळापूर्वीं वाद निघतो. स्पर्धेच्या नियमांत एक कलम असें आहे कीं, तयार नक्षीचा कागद चिकटविलेल्या पत्रास चित्रकलेचे गुण मिळणार नाहींत. कलमामागील हेतु चांगला आहे. मुलांनीं आयतें आणून डकवूं नये, स्वतःच्या हातानें कांहीं करावें, एवढेंच त्याच्या कर्त्यांस अभिप्रेत असावें. तथापि हें कलम काढून टाकावें असें माझें स्पष्ट मत आहे.

ह्या कलमाचा भार कोणावर पडतो, हें प्रथम पाहूं. प्रत्येक वर्गांत चांगलीं चित्रें काढणारीं चार-पांच मुलें असतात. तारा, गव्हाण, मेंढपाळ, उंटावरचे मागी हें सर्व त्यांच्या हातून सहज उतरतें. बाकीच्या चाळीस मुलांचें काय? त्यांनीं काढलेला उंट पाहून शेजारचा हंसतो, आणि तें मूल पुढच्या वर्षीं नांवच देत नाहीं. त्याला आजीला किंवा जुन्या शिक्षकांना कांहीं सांगावयाचें नसतें असें नव्हे. त्याला रेषा साधत नाहीं, इतकेंच. अशा मुलाच्या हातीं कात्री, खळ आणि नक्षीच्या कागदाचे तुकडे दिले म्हणजे त्याची वाट मोकळी होते.

ह्यावर आक्षेप असा कीं, नक्षी तर दुसऱ्यानेंच छापलेली! उत्तरादाखल मी आपल्या घरच्या गोधडीकडे बोट दाखवितों. गोधडी शिवणारी आजी सूत कातीत नाहीं, कापड विणीत नाहीं, त्यावरचीं फुलेंही छापीत नाहीं. जुन्या लुगड्याचा कांठ, धोतराचें पान, नातवाच्या आंगड्याचा तुकडा ती हातीं घेते, कशाशेजारीं काय शोभेल तें ठरविते आणि टांका घालते. ती गोधडी हातची नव्हे असें म्हणण्याचें धाडस कोण करील? निवडणें, कापणें आणि जुळविणें हेंही हाताचेंच काम आहे, आणि कित्येकदां तें रेखाटण्याहून अवघड असतें.

शुभेच्छापत्रांच्या इतिहासांतही ह्याला आधार सांपडतो. लंडन येथें हेन्री कोल ह्यांनीं १८४३ सालीं जॉन हॉर्स्ली ह्या चित्रकाराकडून नाताळाचें पत्र काढविलें आणि छापून एका शिलिंगास विकलें. छापील नाताळपत्रांची सुरुवात तेथून मानतात. त्यांत हाताचें काम उरलें तें रंग भरण्यापुरतें. पुढें थोड्याच वर्षांनीं अमेरिकेंतील वुस्टर ह्या गांवीं एस्थर हाउलंड नांवाच्या तरुणीनें निराळा मार्ग धरिला. माउंट होलिओक येथील शिक्षण १८४७ सालीं संपविल्यावर तिनें इंग्लंडांतून जाळीदार कागद व कागदी फुलें मागविलीं आणि सेंट व्हॅलेंटाईनच्या दिवशीं पाठवावयाचीं पत्रें करण्यास आरंभ केला. जाळीखालीं रंगीत कागदाचा लहानसा तुकडा ठेवावयाचा, म्हणजे नक्षी उठून दिसते, ही तिची युक्ति. कागद कारखान्याचा, जुळणी हाताची. आणि ह्या जुळणीवरच तिचा मोठा व्यापार उभा राहिला.

नक्षीचा कागद ही केवळ विलायतेहून आलेली चीज आहे, असेंही नाहीं. जुन्या पुस्तकांच्या बांधणींत ढगांसारख्या लहरींचा अबरी कागद पुष्कळांनीं पाहिला असेल. फारसींत 'अब्र' म्हणजे ढग. दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवितात, काडीनें हलवितात, आणि वर कागद अलगद टेकवून उचलतात. एक ताव दुसऱ्यासारखा कधींच निघत नाहीं. सतराव्या शतकांत विजापूरच्या बाजूस अबरी आणि रेखाटन ह्यांचा मेळ घालून चित्रें झालीं, आणि तीं आज परदेशांतील संग्रहालयांतून जपून ठेविलेलीं आहेत. त्या चित्रकारांस नक्षीचा कागद हातीं धरण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आम्हांस कां वाटावा?

अर्थात् कागद चिकटविला कीं पत्र झालें, असें मुळींच नव्हे. बहुतेक पत्रें बिघडतात तीं ह्याच समजुतीनें. वीतभर पत्रावर हातभर नक्षी घालण्याचा मोह होतो, आणि मोठें फूल कापलें कीं त्याची पाकळीसुद्धां ओळखूं येत नाहीं. लहान पत्रास बारीक, पुन्हां पुन्हां येणारी नक्षी शोभते. दोन नक्ष्या अगदीं शेजारीं आल्या तर एक दुसरीस बोलूं देत नाहीं. मध्यें साध्या कागदाची बोटभर पट्टी सोडावी. पातळ कागदास पाणीदार खळ लाविली तर तो सुरकुततो, म्हणून खळ घट्ट आणि थोडी असावी, व सुकेपर्यंत पत्र जड पुस्तकाखालीं दाबून ठेवावें. जाड कागद दुमडण्यापूर्वीं तो दोन्ही अंगांनीं हलकेंच वांकवून पाहावा. ज्या अंगानें तो सहज वांकतो त्या अंगानें घडी नीट बसते. दुसऱ्या अंगानें घातलेली घडी फुटते. हें सर्व शिकावें लागतें, आणि जें शिकावें लागतें त्यास गुण देण्यास हरकत कसली?

माझा विरोध आहे तो निराळ्याच वस्तूस. हल्लीं बाजारांत पाकिटें मिळतात. त्यांत एकमेकांस जुळणारे कागद, कापून ठेविलेले तारे, फिती, इतकेंच काय पण शुभेच्छेचीं छापील अक्षरेंही तयार असतात. निवड दुसऱ्याची, जुळणी दुसऱ्याची. मुलाच्या वांट्यास येतें तें फक्त चिकटविणें. अशा पत्रास गुण न दिले तर मी चकार शब्द काढणार नाहीं. तसेंच नक्षी आंतल्या पानावर पसरूं लागली कीं तिला तेथेंच अडवावें. वसतिगृहांतील मुलाचें पत्र घरीं जातें, तेव्हां त्याची आई वरच्या फुलांकडे एकदां पाहते, आणि आंतल्या ओळी मात्र पुन्हां पुन्हां वाचते. भ्रमणध्वनीवरून शुभेच्छा शेंकड्यांनीं आणि क्षणांत जातात. टपालानें पत्र धाडावयाचें तें ह्या ओळींसाठींच. त्यांना कोरा कागद हवा.

तेव्हां कलम असें असावें : नक्षीचा कागद चालेल, मात्र तुकडे स्वतः कापलेले असावे, आणि आंत निदान पांच ओळींचा स्वतःचा मजकूर स्वतःच्या अक्षरांत असावा. महागडा कागद आणणाऱ्यांचें फावेल, अशी भीति कांहीं शिक्षकांनीं बोलून दाखविली, आणि ती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून हस्तकलेच्या खोलींत एक मोठें खोकें ठेवावें. जुन्या लग्नपत्रिका, मिठाईच्या डब्यांवरचीं वेष्टनें, गेल्या वर्षाचीं कॅलेंडरें सर्वांनीं त्यांत आणून टाकावीं, आणि स्पर्धेचा कागद त्यांतूनच घ्यावा. लग्नपत्रिकेवरील गणपतीचें चित्र तेवढें आधीं काढून घरीं ठेवावें. त्यावर कोणाची कात्री चालूं नये.