साहेब नव्हे, बाई!

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात २०११ पासून पालिकांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. आमच्या वॉर्डातही नगरसेविकाच आहेत. सकाळी आठपासून त्यांच्या दारात माणसं. कुणाचा नळ कोरडा, कुणाचं गटार तुंबलेलं. त्यातच मुलांचे डबे नि सासूबाईंचं औषध. आणि येणाऱ्या बायका विचारतात काय, तर "साहेब आहेत का?" साहेब म्हणजे त्यांचे यजमान! अहो, निवडून कोण आलंय?

मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या, पाण्यासाठी लढल्या आणि लोकांच्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या. कौतुक त्यांचं करायचं आणि आपल्या गल्लीत मात्र साहेबांना शोधायचं!

तेव्हा थेट बाईंशीच बोला. पण नुसतं तोंडी नको. नगरसेविका काही स्वतः नळ दुरुस्त करत नाही. ती अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवते, सभेत प्रश्न विचारते. त्यासाठी तिच्या हाती कागद हवा. अर्ज दोन प्रतींत लिहा, तारीख घाला, एक प्रत पालिकेत देऊन दुसरीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोचेची झेरॉक्स बाईंना द्या. मूळ पोच आपल्या घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत.