कागदावर यायला नको

२०१३च्या उन्हाळ्यात मी जालना जिल्ह्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. मागचा पावसाळा कोरडा गेलेला, मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला निघालेल्या. अशा एका दुपारी रजेवर आलेला एक जवान वडिलांच्या पीककर्जाची चौकशी करायला आला. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना विचारूनच खातं दाखवलं. आकडे बघून झाले तरी पोरगा उठेना. मग त्यानं केबिनचं दार लोटलं.

"साहेब, झोपच येत नाही. ड्यूटीवर उभा असलो तरी डोक्यात बागच. भाऊ फोनवर म्हणतो, सगळं बरं हाय. आवाजावरून कळतंच ना, नाही म्हणून."

"अरे, तुमच्याकडं चांगले डॉक्टर असतात. त्यांना सांग."

तो हसला. "सांगितलं की कागदावर येतं, साहेब. कागदावर आलं की युनिटला कळतं."

याला अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. सैन्यात प्रकृतीची प्रतवारी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांवर होते आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं. तिथं दर्जा उतरला की माणूस 'लो मेडिकल' ठरतो, बढतीवर सावट येतं. घरी हप्ते थकलेले असताना ही जोखीम कोण घेणार? न बोलण्याची किंमत मात्र मोठी आहे. २०२२ साली सरकारनं संसदेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यातले ६४२ भूदलातले.

सरकार स्वस्थ बसलं, असंही नाही. १० ऑक्टोबर २०२२ला 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा देशभर सुरू झाली. १ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात खास सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा कक्ष उघडला, दोन वर्षांच्या प्रयोगाच्या बोलीवर. उत्तम झालं. पण माझं मन त्या जवानाच्या एकाच प्रश्नाशी अडकतं : हे कुणाकुणाला कळणार?

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं. अपवादही सांगतं : जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल. हातात बंदूक असलेल्या माणसाच्या बाबतीत हे अपवाद हवेतच. मात्र ते फोन उचलताच, साध्या मराठीत सांगायला हवेत. काय गुप्त राहील, काय राहणार नाही, नि झोप लागत नाही एवढ्या तक्रारीवरून दर्जा उतरतो का, हे आधी कळलं तर माणूस बोलेल. 'सगळं गोपनीय आहे' या मोघम वाक्यावर आमच्याकडचा शेतकरी कर्जाच्या कागदावरसुद्धा अंगठा देत नाही.

बँकेतही हेच असतं. आमच्यावर १९७०च्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम १३चं गुप्ततेचं बंधन होतं. पण गावानं विश्वास टाकला तो कलमावर नव्हे. कॅशियर चहाच्या टपरीवर कुणाची शिल्लक बोलत नाही, हे लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं म्हणून.

रविवारी हे वाचणाऱ्या घरांत कुणाचा मुलगा, कुणाचा जावई सीमेवर असेल. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही तो फिरवायला हरकत नाही. आणि बाग वाळली असेल तर वाळली म्हणून सांगावं. लपवलेली बातमी तिकडे दुप्पट होऊन पोचते.

मी स्वतः मात्र त्या वेळी चुकलो. चार दिवसांनी त्याचे वडील आले, तेव्हा काळजीपोटी बोलून गेलो, "दादा, पोराकडं लक्ष द्या, झोप नाही त्याला." दादांनी थोरल्याला सांगितलं, थोरल्यानं पारावर. त्या पोराची सोयरीक चालली होती. मुलीकडच्यांनी विचारलं म्हणे, डोक्यात काही बिघाड आहे का? नोकरीच्या साऱ्या वर्षांत कुणाची शिल्लक मी बायकोलाही सांगितली नव्हती.

पुढच्या रजेत तो शाखेत आला. वडिलांचा हप्ता काउंटरवर भरला, पावती घडी करून खिशात ठेवली आणि माझ्या केबिनकडे न बघता निघून गेला.