कबुलीच्या आधी छप्पर

व्यसनी माणूस खोटंच बोलतो, तेव्हा आधी त्याच्या तोंडून सगळं वदवून घ्या आणि मग उपचाराचं बघा, हे मत आपल्या घराघरांत पक्कं बसलेलं आहे. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं हा त्याचा देशी प्रकार. अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती केंद्रांतही हेच मत कित्येक दशकं चालत आलं. तिथं त्याला ‘डिनायल मोडणं’, म्हणजे व्यसन नाकारणं मोडून काढणं, म्हणत. माझ्या मते हे मत चुकीचं तर आहेच, शिवाय आजारी माणसाचं नुकसान करणारं आहे.

मंगळसूत्र गहाण पडल्यावर “आजपासून बंद” हे शब्द ऐकलेल्या आणि संध्याकाळी पुन्हा तोच वास घरात आलेला पाहिलेल्या बाईला नवऱ्याचं बोलणं खरं वाटत नाही. का वाटावं? तिचा अनुभव सोळा आणे खरा आहे. पण त्यावरून खोटेपणा हे व्यसनाचंच लक्षण ठरवायचं, हे मला मान्य नाही.

शिकागो विद्यापीठातल्या समाजकार्याच्या अभ्यासक ई. समरसन कार यांनी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात बेघर बायकांसाठी चालणाऱ्या एका व्यसनमुक्ती कार्यक्रमाचा जवळून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं ‘स्क्रिप्टिंग ॲडिक्शन’ हे पुस्तक 2010 साली आलं. बाई दाखल होताना तिची मुलाखत व्हायची. काय घेतेस, कधीपासून, राहतेस कुठं, मुलं कुणाकडे, या प्रश्नांच्या उत्तरांतून तिची केस उभी राहायची. पुढं गटात बसून मनातलं जसंच्या तसं बाहेर काढायचं. प्रामाणिकपणा, मोकळेपणा आणि तयारी हा तिथला मंत्र. “मुलांना सांभाळायला कुणी नाही, डोक्यावर छप्पर नाही” असं एखादी म्हणाली, तर ती मुद्दा टाळते आहे, अजून नाकारते आहे, असा अर्थ लागायचा. आणि या बोलण्यावरून तिच्याबद्दल बनणारं मत केंद्राच्या भिंतीत राहायचं नाही. घर मिळणं, मुलांचा ताबा, मदत चालू राहणं या सगळ्याला ते जोडलेलं असायचं.

अशा ठिकाणी कोण काय बोलेल? बायका अपेक्षित भाषा शिकल्या. हवी तशी कबुली, हव्या त्या सुरात, हव्या त्या वेळी. याला कार ‘फ्लिपिंग द स्क्रिप्ट’ म्हणतात. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, शेवटी नाटकच! मला ते पटत नाही. ज्या बाईचं मूल समोरच्याच्या अभिप्रायावर अडलेलं आहे, तिनं शब्द तोलून बोलणं हा शहाणपणा आहे. कुठल्याही सरकारी खिडकीसमोर तुम्हीआम्हीही तसंच बोलतो.

दामटून कबुली घेतल्यानं दारू तरी सुटते का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली समुपदेशनाच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या: एक सुनावणारी, दुसरी ऐकून घेणारी. सुनावणाऱ्या पद्धतीत माणसं जास्त अडून बसली. समुपदेशकानं जितकं जास्त सुनावलं, तितकं त्या माणसाचं वर्षभरानंतरचं पिणं जास्त आढळलं.

आणि ऐकून घेण्याचं काम आपल्या शेजारीच, गोव्यात, करून पाहिलेलं आहे. ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकारानं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी साधे, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक बोलले. मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसं, फार तर चार बैठका. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले 36 टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीच्याच उपचाराच्या गटातले 26 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही. शिवाय दारूवाचून हात थरथरणाऱ्या, पूर्ण अवलंबून झालेल्या माणसाला आधी डॉक्टर आणि औषध लागतं. त्याची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. पण आरोग्य केंद्रात भेटणाऱ्या पिणाऱ्यांपैकी कितीतरी त्या टोकाला पोचलेले नसतात, आणि त्यांच्यासाठी हा मार्ग स्वस्त आहे, हाताशी आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो माणूस ऐकून घेतो, त्याच्या हातात डिस्चार्जची तारीख, घरच्यांना जाणारा अहवाल किंवा मुलांबद्दलची शिफारस नसावी. ती कामं दुसऱ्यानं करावीत, आणि पहिल्या भेटीतच रुग्णाला स्वच्छ सांगावं की इथलं बोलणं कुठं जाईल आणि कुठं जाणार नाही. आपला 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या आजारांनाही लागू आहे, आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या, आपणहून दाखल झालेल्या प्रौढाला आपला डिस्चार्ज मागण्याचा हक्क तो देतो. ही गोष्ट दाखल करून घेतानाच त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी. त्यानं काही कबूल केलेलं असो वा नसो.