चोरी मालकाची नाही, जोडीदाराची

मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी चुकती करा, ही हदीस आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ती मोर्च्याच्या फलकावर असते, एक मेच्या भाषणात असते, जुम्याच्या बयानात असते. इस्लामने श्रमाला किती मान दिला हे सांगायची वेळ आली की आम्हा लिहिणाऱ्यांची गाडी तर तिच्यावाचून पुढे सरकत नाही. मी स्वतः तिच्यावर दोनदा लिहिलं आहे.

पण ती हदीस मालकाला उद्देशून आहे. मजुराने तिच्यातला ‘घाम’ हा शब्द वाचायला हवा. घाम आलाच नसेल, तर काय वाळायची वाट बघायची? हा प्रश्न मी आजवर कुठल्याही बयानात ऐकलेला नाही. स्वतः लिहिलेलाही नाही. आज लिहितो.

कुरआनमध्ये ‘मुतफ्फिफीन’ नावाची एक सूरह आहे, त्र्याऐंशीवी. तिची सुरुवातच मापात मारणाऱ्यांच्या धिक्काराने होते. घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात, अशी ही माणसं. ही सूरह ऐकली की आपल्या डोळ्यांसमोर किराणा दुकानातला तराजू येतो आणि आपण निर्धास्त होतो, कारण आपलं दुकान नाही. आपण नोकरदार. पण एक तारखेला पगार पूर्ण मोजून घ्यायचा आणि महिनाभर काम मात्र चिमटीने द्यायचं, हे तराजूत मारणं नाही तर काय आहे?

काही ओळखीची चित्रं सांगतो. शुक्रवारी एक वाजता टेबलावरून उठायचं आणि तीन वाजता परतायचं. खुतबा आणि दोन रकअत फर्ज यांना दोन तास लागत नाहीत. बाकीचा वेळ चहाचा, बिर्याणीचा आणि मशिदीबाहेरच्या गप्पांचा असतो, पण हिशोबात सगळा नमाजच्या नावावर पडतो. रमजानात ‘रोजा आहे’ म्हणून फाईल शेजाऱ्याकडे सरकवायची. आणि कुठलंही काम विचारलं की ‘इन्शाअल्लाह, होऊन जाईल’. अल्लाहची इच्छा असेल तर, असं म्हटल्याशिवाय उद्याचं काही बोलू नका, ही शिकवण सूरह कहफमध्ये आहे. ती ज्याने कंबर कसली आहे त्याला नम्रता यावी म्हणून आहे. आपण तिचा अर्थ ‘माझ्यावर विसंबू नका’ असा करून टाकला. आज कित्येक कचेऱ्यांत मुसलमान सहकाऱ्याच्या तोंडी हा शब्द आला की समोरचा काय समजायचं ते समजतो. अल्लाहच्या नावाची ही अवस्था कोणी केली?

कोणी म्हणेल, हे काय फक्त मुसलमानच करतात? मुळीच नाही. कामचुकारपणाला धर्म नसतो. पूजेच्या निमित्ताने अर्धा दिवस बंद पडलेली कार्यालयं मीही पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल त्यांच्यातल्या कोणी लिहावं. मी माझ्या अंगणातला केर काढतो आहे.

आता आपल्या सबबींकडे येऊ. त्या तीन आहेत, आणि तिन्ही दिसायला भारदस्त आहेत.

पहिली : नोकरी ही दुनियादारी, खरं महत्त्व दीनचं. ही सबब मला सर्वांत पोकळ वाटते. पैगंबर मुहंमद (स.) यांना मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत. विश्वासू. कधीपासून? पहिली वही उतरण्याच्या आधीपासून. तेव्हा ना पाच वेळची नमाज फर्ज झाली होती, ना रमजानचे रोजे. ते दुसऱ्याचा माल घेऊन व्यापाराला जात होते, हजरत खदीजा (र.) यांच्या मालाची जबाबदारी सांभाळत होते आणि हिशोब चोख देत होते. ही पदवी त्यांना लोकांनी व्यवहार पाहून दिली. मूसा अलैहिस्सलाम यांना कामावर ठेवा असं वडिलांना सुचवणारी मुलगी दोनच गुण सांगते : माणूस ताकदीचा आहे आणि अमानतदार आहे. त्यानंतर आठ-दहा वर्षांच्या चाकरीचा करार होतो. ज्या दीनमध्ये नबी चाकरी करतात, त्या दीनच्या नावाने चाकरी टाळायची, याला काय म्हणावं?

दुसरी सबब : आपल्याला कितीही राबलं तरी काय मिळतं? भेदभाव आहेच. हो, आहे. सच्चर समितीचा अहवाल 2006चा, आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमान किती थोडे आहेत हे त्याने आकड्यांनिशी सांगितलं. आडनाव ऐकून मुलाखतीचा सूर बदलतो हे मला कोणी शिकवायला नको. एका मुसलमानाची चूक साऱ्या कौमच्या खात्यावर मांडली जाते आणि इतरांची चूक ज्याची त्याची राहते, हाही अन्यायच आहे. म्हणूनच ‘नीट काम करा, नाहीतर कौमचं नाव खराब होईल’ हा उपदेश मी करणार नाही. कौमची अब्रू रोज डोक्यावर घेऊन कामावर जाण्याची सक्ती कोणावरही नसावी. पण एक सांगा. पदोन्नती नाकारली साहेबाने. आपण न केलेलं काम संध्याकाळी उरकत बसला तो शेजारच्या टेबलावरचा. त्याने आपलं काय बिघडवलं होतं?

तिसरी सबब : मालक लुटतो, मग आपण थोडं चोरलं तर हिशोब बरोबर. ही सबब मला एकेकाळी पटायची. मालक लुटतो तिथे संघटना करा, लेबर कोर्टात जा, संप करा. तो उजळ माथ्याने केलेला झगडा आहे आणि त्यात जोडीदार सोबत असतो. कामचोरीचं तसं नाही. ती गुपचूप असते आणि तिचा फटका मालकापर्यंत क्वचितच पोहोचतो. उत्पादन तर निघायलाच हवं असतं. मग मी जे केलं नाही ते कोण करतो? माझ्या पाळीचा माणूस, नाहीतर माझ्यानंतरच्या पाळीचा. मालकाची चोरी म्हणून आपण जी करतो, ती बहुतेक वेळा जोडीदाराची चोरी असते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

मी तेव्हा एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रमजान होता, सत्ताविसाव्या रोज्याची रात्र. माझी दुसरी पाळी होती. मशिदीत लवकर पोहोचायचं होतं. निघण्याच्या बेतात असताना राउंड घेतला तर पाण्याच्या एका पंपाचं बेअरिंग तापलेलं, हात ठेववत नव्हता. काय करायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. राखीव पंप चालू करायचा, हा बंद करायचा, लॉगबुकात नोंद करायची आणि पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. मी मनात म्हटलं, सकाळपर्यंत निघेल. लॉगबुकात ‘सर्व ठीक’ लिहिलं आणि पाळी सुटायच्या आधीच गेटबाहेर पडलो. ती रात्र मी मशिदीत काढली. दुआत रडलोही.

पंप रात्री अडीचच्या सुमारास जाम झाला. लाइन थांबली. रात्रपाळीला माझा जोडीदार एकटा होता. पहाटेपर्यंत तो त्या पंपाशी झटत राहिला, आणि सकाळी साहेबाने लॉगबुक उघडलं तेव्हा माझ्या पाळीत ‘सर्व ठीक’ होतं. मेमो त्याला मिळाला. मी गप्प बसलो. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मध्ये ईद आली. ईदच्या दिवशी माझी पाळी त्यानेच केली, तसं आधीच ठरलं होतं. जोडीदार हिंदू होता, ईदची माझी पाळी दर वर्षी तोच करायचा.

ईदनंतर मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, “काय, झाली का ईद झक्कास?” त्या क्षणी मला त्याच्याकडे पाहवेना. मी सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अरे, नमाजला जायचंय म्हणाला असतास तर मी तासभर आधी आलो असतो. सांगायचं तरी होतंस.”

मी साहेबाकडे गेलो. माझ्या नावाने मेमो निघाला. त्याचा मात्र मागे घेतला गेला नाही, कागद फाईलला लागून गेला होता. म्हणजे माझ्या कबुलीने माझं ओझं थोडं उतरलं, त्याचं नुकसान भरून निघालं नाही.

‘सांगायचं तरी होतंस.’ हे वाक्य मी पुढे एका वेगळ्याच ठिकाणी पुन्हा वाचलं, म्हणजे त्याचा आशय वाचला. हिजरी सन 5, इसवी सन 627. कुरैश आणि त्यांच्या मित्रटोळ्या मदिनेवर चालून येत होत्या. सलमान फारसी (र.) यांच्या सल्ल्याने शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणायचं ठरलं. सीरतकार सांगतात की दहा-दहा माणसांच्या तुकड्यांना चाळीस-चाळीस हात खंदक वाटून दिला गेला. थंडी होती, उपासमार होती. पैगंबर (स.) स्वतः माती वाहत होते, अंगावर धूळ बसली होती. आणि तिथेही कामचुकार होते! कोणी नावाला कुदळ चालवायचे, आणि संधी मिळाली की दुसऱ्याच्या आडोशाने हळूच घरी सटकायचे. खऱ्या सोबत्यांनाही घरी कामं निघत. पण ते येऊन सांगत, परवानगी घेत आणि काम उरकलं की परत येत.

सूरह नूरच्या शेवटच्या आयतींचा संदर्भ भाष्यकार या खंदकाशी जोडतात. सामूहिक काम चालू असताना न सांगता निघून जात नाही तो ईमानवाला, आणि एकमेकांच्या आड लपून सटकणाऱ्यांना अल्लाह चांगला ओळखतो, असा त्यांचा आशय आहे. जरा थांबून विचार करा. ही ईमानची कसोटी आहे, आणि ती सांघिक कामातली कसोटी आहे. गरज असणं हा गुन्हा ठरवलेला नाही. रजा मागणं हाही नाही. न सांगता जोडीदाराला उघड्यावर टाकून जाणं, हा आहे.

पुढे काय झालं तेही सीरतमध्ये आहे. खंदक सगळीकडे सारखा रुंद नव्हता. शत्रूच्या काही स्वारांनी अरुंद जागा हेरली आणि नेमक्या तिथूनच घोडे उडवले. खंदकाची ताकद त्याच्या सर्वांत अरुंद जागेइतकीच असते. आपल्या वाट्याचे हात कमी खणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं : घोडा जिथून आत येतो, तिथे बहुधा दुसराच कोणी उभा असतो.

आता राहतो तो हिशोब. आपले उलेमा हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद सांगतात. अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा आहे, त्याची रहमत अफाट आहे. माणसाचा हक्क मारला तर त्या माणसाची भरपाई आणि माफी हवी. एका हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण ते सांगितलं आहे. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येतो, पण त्याने लोकांना दुखावलेलं असतं, लोकांचं लुबाडलेलं असतं. त्याची पुण्याई त्या लोकांना वाटून टाकली जाते आणि तो रिकाम्या हाताने उभा राहतो. सत्ताविसाव्या रात्रीच्या माझ्या नमाजा कोणाच्या खात्यावर जमा झाल्या असतील, याचा मला अंदाज आहे.

तेव्हा भावांनो आणि बहिणींनो, जुम्याला जरूर जा. तो तुमचा हक्क आहे, चोरून जाऊ नका. आठवड्याच्या सुरुवातीलाच सांगा की शुक्रवारी इतक्या वाजता जाईन, इतक्या वाजता येईन, आणि त्या वेळेला या. सूरह जुमा व्यापार थांबवून नमाजला या म्हणते, आणि पुढच्याच आयतीत नमाज झाली की जमिनीवर पसरा, रोजी शोधा असंही म्हणते. आपल्याला पहिली आयत पाठ आहे, दुसरीच्या वेळी आपण बिर्याणीच्या रांगेत असतो. काम होणार नसेल तर ‘नाही होणार’ म्हणा, इन्शाअल्लाहच्या पदराआड लपू नका. चूक झाली तर दुसऱ्याच्या नावाने कागद निघण्याआधी बोला, नंतर नको. आणि कोणी आपल्यासाठी ईदची पाळी केली असेल, तर त्याच्या दिवाळीची पाळी त्याने मागायच्या आत आपल्या नावावर लिहा.

यातलं काहीही केल्याने भेदभाव संपणार नाही. साहेब तसाच राहील, आडनावही तेच राहील. पण शेजारी उभा राहून काम करणाऱ्याचं आपण देणं लागतो, आणि ते फेडायला भेदभाव संपण्याची वाट पाहायची गरज नाही. मजुरी घाम वाळण्याआधी मागायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त तो घाम आपला असावा, जोडीदाराचा नसावा.