गणपती मार्गी लागले की जाईन

पेण स्टँडवर रोह्याच्या एसटीची वाट पाहताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आपली माणसं अडाणी हो. कॅन्सर पार वाढला की मगच परळ गाठतात." हे इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो.

आमच्या ओळखीच्या एक काकी गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातात. गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, तो त्यांनी स्वतःच मला दाखवला. "डॉक्टरकडे गेलात का?" तर म्हणाल्या, "गणपती मार्गी लागले की जाईन गो." चट्टा कशाचा असू शकतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण हंगामाच्या मजुरीवर वर्षाची देणी फिटतात. परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं तर सोबत मुलगा हवा, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. तपासण्या एका दिवसात होत नाहीत, पुन्हा बोलावतात. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत आपला रायगड होता. आज तीच महात्मा फुले योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. बुडालेल्या रोजाचं काय?

काकी तंबाखूची मिश्री लावतात. सकाळी दातांना, आणि दुपारी भूक मारायला. "सोडा ती मिश्री" असं सगळे सांगतात, मीही सांगते. पण दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईला दुपारी चार घास मिळतात का, हे कुणी विचारत नाही. मिश्री सुटायची तर आधी त्या वेळी पोटात काही पडायला हवं.

रोज बुडवून जाता येत नसेल, तर तपासणीच बाईपर्यंत नेता येते. टाटाच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी वस्तीतच नेली. साधन होतं पातळ ॲसिटिक ॲसिड, व्हिनेगरमध्ये असतं तेच. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका. त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी निम्म्या बायकांना ही तपासणी दिली नव्हती, त्यावर टीका झाली आणि ती मला पटते. गरिबांच्या वस्तीत आधीपासून काहीच नव्हतं, म्हणून तसा अभ्यास होऊ शकला. पण तपासणी दारात आली की बायका येतात, हे त्यातून दिसलं.

तिशीपुढच्या सगळ्यांचं तोंड तपासायचं हे सरकारी कार्यक्रमात आहेच. त्याला लागतो चांगला उजेड आणि शिकलेली नजर. पेण-हमरापूरच्या कारखानदारांनो, आरोग्य उपकेंद्राच्या ताईंना एक दिवस कारखान्यात बोलवा. ज्यांना पुढे परळला पाठवतील त्यांचा त्या दिवसांचा रोज कापू नका. आणि हे गणपतीनंतर नको, या महिन्यातच करा.