मायक्रोवेव्हच्या दाराचा खटका

मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ताम्हिणीकडून ढग उतरले की डब्यातला पापड नरम पडतो, मिठाला पाणी सुटतं. मग ओट्यावरच्या मायक्रोवेव्हला ओल लागली तर नवल काय? त्यातून बंगला महिनोन्महिने बंद असला, तर मुंग्या आणि झुरळं आत बिऱ्हाडच मांडतात.

असं झालं की बहुतेकदा आधी दाराचा खटका कुरकुरतो. दार लावलं तरी मशीन सुरू होत नाही. किंवा मध्येच थांबतं, आणि दार हाताने दाबून धरलं की चालतं.

दाराच्या कडेला दोन आकडे असतात. दार लावलं की ते खाचेत शिरतात आणि आतले छोटे खटके दाबतात. हे खटके सहसा तीन असतात. दोघांतून वीज जाते, तिसरा त्यांच्यावर राखण करतो. दार उघडल्यावरही ते दोघे चिकटून राहिले, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून दार उघडताच फ्यूज उडाला तर नुसता नवा फ्यूज बसवून घेऊ नका. तो तुमच्यासाठी उडालाय.

आता घरच्या घरी काय पाहायचं ते सांगतो.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला जाऊन त्याची वीज होते, पण आपल्याकडे पावसात दिवे जायचे ते जातातच. तेव्हा आधी त्याच प्लगवर दुसरं काही लावून बघा. चाइल्ड लॉक लागलंय का, तेही बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अंदाज आहे.

मग प्लग काढा. ओलं फडकं घट्ट पिळून दाराची कड, आकडे आणि खाचा पुसा. चिकट तूप, वाळलेला रस्सा निघाला की दार नीट बसतं. आकडा तुटलाय का, बिजागरी सैल झालीय का, काच किंवा जाळी तडकलीय का, हे उजेडात पाहा. यातलं काही दिसलं तर पुन्हा लावूच नका.

सगळं धड दिसलं, तर कपभर पाणी आत ठेवून मिनिटभर चालवा. मध्येच दार उघडा. मशीन त्या क्षणी थांबलं पाहिजे. आतला दिवा राहिला तर हरकत नाही. पण ताट फिरत राहिलं किंवा घरघर चालू राहिली, तर बाजूला होऊन भिंतीवरचं बटण बंद करा.

तुमचं काम इथे संपलं. मागचे स्क्रू उघडू नका. आत एक कपॅसिटर असतो. त्यात दोन हजार व्होल्टच्या वर वीज साठते आणि प्लग काढल्यावरही राहू शकते. पंखा, मिक्सर तुम्ही घरी उघडत असाल, पण हे यंत्र त्या जातीचं नाही. ह्या झटक्याने जीव जातो.

दार घट्ट बसावं म्हणून फटीत कागदाची घडी खुपसू नका. आणि कुणी म्हणालं, "वायर डायरेक्ट जोडून देतो, चालेल," तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मग दार उघडं असतानाही ओव्हन चालू राहू शकतो. ज्या लहरींनी आमटी तापते, त्याच हाताला, डोळ्याला भाजतात. डोळ्याला ते लवकर कळतही नाही.

पौड, पिरंगुट, हिंजवडीकडे मायक्रोवेव्हचं काम जाणणारा माणूस शोधा. कंपनीचा असेल तर उत्तम. खटका त्याच मापाचा हवा. त्यावर सहसा 16 अँपिअर, 250 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तिन्ही दिसायला सारखे, पण राखण करणाऱ्याची चाल उलटी असते. अदलाबदल झाली तर राखणच गेली. म्हणून वायरी काढण्याआधी त्याला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. जुना खटका मागून घ्या. दाराभोवती लहरी गळतात का, हे मोजायचं यंत्र त्याच्याकडे असेल तर मोजून घ्या. 5 सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलीवॉटच्या आत आकडा यायला हवा.

तोवर प्लग गुंडाळून ठेवा. दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा: "बिघडलाय, लावू नका." शनिवारी पाहुणे येतात आणि पोरं आधी बटणालाच हात लावतात. भाजी तेवढे दिवस गॅसवर तापवा.