बांध आक्रसला, पाखरू बेघर झाले

पुणे-सोलापूर लोहमार्गावर यवत आणि केडगावच्या दरम्यान असलेले खुटबाव हे दौंड तालुक्याच्या बागायती पट्ट्याचे प्रातिनिधिक गाव म्हणावे लागेल. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या भागाला मुठा उजव्या कालव्याने हिरवे केले. ऊस आला, त्यापाठोपाठ गुऱ्हाळे आणि साखर कारखाने आले. या समृद्धीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र ती येत असताना बोर, तरवड, निर्गुडी आणि घायपात यांनी भरलेला रुंद बांध हळूहळू नाहीसा होत गेला. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

बांध का आक्रसला?

कृषिगणनेनुसार राज्यात शेतकऱ्याकडील सरासरी क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. वाटण्या झाल्या की बांधांची संख्या वाढते. म्हणजे झुडपांनाही जागा वाढायला हवी होती. घडले नेमके उलटे. जमिनीचा तुकडा लहान झाला की एकेक तास मोलाचे वाटू लागते आणि दरवर्षी ट्रॅक्टरच्या फाळाने बांध थोडा थोडा कोरला जातो. भाऊबंदकीची कितीतरी भांडणे या कोरण्यातूनच तहसील कचेरीपर्यंत पोहोचतात. उरलेसुरले काम पाचट पेटवताना लागणारी आग आणि तणनाशकाची फवारणी पूर्ण करतात.

ऊस म्हणजे निवारा नव्हे

उसाची हिरवी भिंत पाहून तेथे जीवसृष्टीला आसरा मिळत असेल, असा शहरी प्रवाशाचा समज होतो. प्रत्यक्षात बारा ते अठरा महिने उभे राहिलेले हे पीक गळीत हंगामात काही दिवसांत भुईसपाट होते. त्यातील मुंगूस, धामण, तितर यांना त्या दिवशी जायला जागा उरत नाही. बांधावरचे झुडूप मात्र तोडणीनंतरही जागेवर असते. कोतवाल, वेडा राघू, खाटीक हे किडे टिपणारे पक्षी त्यावर बसतात, तर वटवट्यासारखे छोटे पक्षी त्यात घरटी करतात. लगतच्या बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. राखीव क्षेत्रे एवढी छोटी असताना उरलेल्या जीवसृष्टीचा भार शेतीलाच वाहावा लागतो.

किडींचा हिशेब

हा प्रश्न केवळ पक्षिप्रेमाचा नाही. २००२ मध्ये राज्यातील उसावर पांढऱ्या लोकरी माव्याने हल्ला केला, तेव्हा उंच उसात औषध फवारणे जिकिरीचे ठरले. तो आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या कीटकांचा वाटा मोठा होता. शत्रुकिडीला तिचा नैसर्गिक शत्रूच आवरतो, हा त्या साथीचा धडा. अशा मित्रकीटकांपैकी अनेकांना पीक नसतानाही अन्न लागते. क्रायसोपाचे प्रौढ मकरंद व परागावर जगतात. खोडकिडीची अंडी नष्ट करणारी ट्रायकोग्रामा गांधीलमाशी मकरंद मिळाल्यास अधिक दिवस जगते. कारली, दोडका यांसारख्या पिकांना तर फळधारणेसाठीच मधमाश्या हव्या असतात. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कीडनियंत्रण आणि परागीभवन हे दोन्ही लाभ धरले, तर झुडपांच्या पट्ट्याचा खर्च सुमारे सात वर्षांत भरून निघतो. तेथील मोठ्या शेतांचे गणित येथे जसेच्या तसे लागू होणार नाही. परंतु असा हिशेब मांडता येतो, एवढे त्यातून दिसते.

झाडाला अनुदान, झुडपाला काय?

केंद्राने २०१४ मध्ये कृषिवनीकरण धोरण आणले आणि त्यानंतर 'हर मेढ पर पेड' उपक्रम हाती घेतला. राज्यात रोजगार हमीतून बांधावरील फळझाडांना अनुदान देण्यात आले. या सर्वांची मोजणी झाडांत होते. वास्तविक शेजाऱ्याशी वाद होतो तो उंच झाडाच्या सावलीवरून. छातीएवढे छाटलेले झुडूप त्या मानाने बिनतक्रारीचे असते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अशी कुंपणे मोठ्या प्रमाणावर उखडली गेली. अखेर १९९७ मध्ये नियम करून ती काढण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला कळविणे बंधनकारक करावे लागले.

शेतकऱ्यांचे आक्षेप निराधार नाहीत. दाटी झाली की साप, उंदीर, बिबट्या यांची धास्ती वाटणारच. बिबट्या मात्र आजही लपतो तो एकरच्या एकर उसात, हातभर रुंदीच्या वईत नव्हे. घर आणि गोठ्यालगत दाट लागवड टाळणे, वर्षातून एकदा छाटणी करणे आणि 'उंदीरमारी' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात घालणे हे मार्ग खर्चिक नाहीत.

अवघड आहे ती वेगळीच गोष्ट. बांध दोघांचा असतो. एकाने लावलेले दुसऱ्याने पेटवले, तर योजना कागदावरच राहते. म्हणून अनुदान द्यायचे, तर ते एकट्या खातेदाराला न देता लगतच्या दोन्ही शेतकऱ्यांना मिळून आणि झुडपे जगल्याची खातरजमा करूनच द्यायला हवे. हद्दीची मोजणी आणि लागवड एकाच वेळी झाली, तर कोरण्याचा मोहही आवरेल. वाद मिटविणारी हिरवी खूण म्हणून झुडपांकडे पाहिले गेले, तरच खुटबावसारख्या गावांत बांध पुन्हा रुंदावण्याची शक्यता आहे.